पेटवून दाखवलेला दिवा

भर दुपारी, रस्त्यावर ऊन नुसते सांडलेले असताना, पेटलेला विजेचा दिवा तुम्ही कधी निरखून पाहिला आहे का? नाशिक रोडच्या भाजीबाजारामागच्या गल्लीत विजेच्या सामानाचे एक अरुंद दुकान आहे. त्याच्या काउंटरवर एक लाकडी पाटी, पाटीवर पितळी होल्डर आणि शेजारी काळे, गोल बटण. माझ्या लहानपणी बल्ब मागितला की तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघे, कानाशी हलवून पाहिला जाई, होल्डरमध्ये अडके आणि बटण ‘खट्’ असे वाजे. त्या काचेच्या पोटात क्षणभर एक सोनेरी तार उमले. बाहेर सूर्याचे अखंड साम्राज्य, त्यात त्या इवल्याशा उजेडाला काम ते काय? तो फक्त आपण आहोत एवढे सांगायला येई आणि लगेच जाई. मग तो बल्ब माझ्या तळहातावर ठेवला जाई, आणि तो कोमट असे. त्या कोमटपणाचे मला केवढे अप्रूप! तो निवायच्या आत घर गाठले पाहिजे, अशा काहीतरी समजुतीने मी जेल रोडपर्यंत पळत सुटे.

पेटवून दाखवल्याशिवाय दिवा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, हा त्या दुकानाचा नेम. दुसरा नेम त्याहून जाचक. काहीही घ्यायला जा, आधी प्रश्न: ‘जुना पीस आणलाय का?’ बटण हवे तर जुने बटण, पंख्याचा कंडेन्सर हवा तर जळका कंडेन्सर. नसेल आणला तर घरी परत. तेव्हा तिथे मंदाताईंचे सासरे बसत. आता गेली कित्येक वर्षे स्वतः मंदाताई बसतात. माहेर सिन्नरकडचे, आवाज खणखणीत, कपाळावर चष्मा चढवलेला. त्यांचे यजमान घरोघरी वायरिंगची कामे करतात आणि दुकान या सांभाळतात. मी मोठी झाले, कॉलेजात शिकवू लागले, हाताशी वेळ उरेना, आणि या उलटतपासणीचा मला कंटाळा येऊ लागला. साधे एक बटण घ्यायला गेले तर भिंत कोणती, खोली कोणाची, त्यावर काय चालणार, अशी सगळी कुंडली मांडावी लागते. कोणाला हवे आहे हे सगळे?

मग मोबाइल आला आणि माझी सुटका झाली, असे मला वाटले. खरे सांगते, त्या सोयीने मी आजही दिपून जाते. मी लहान असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका कॅटलॉगमधून पाणी तापवायचा विजेचा रॉड व्ही.पी.ने मागवला होता. तीन आठवडे आम्ही पोस्टमनची वाट पाहिली होती, आणि पार्सल फोडताना शेजारची दोन कुटुंबे हजर होती. आता मी खुर्चीत बसून बोट टेकवते आणि देशाच्या कुठल्याशा टोकाला, मी कधीही पाहणार नाही अशा गोदामात, एक खोके जागेवरून हलते. ते कुठवर आले, कोणत्या गाडीत चढले, नाशिकमध्ये कधी शिरले, सगळे मला कळत राहते. न पाहिलेल्या शेकडो माणसांच्या हातांवरून एक वस्तू माझ्या दारापर्यंत अलगद येते! याला चमत्कार म्हणायचे नाही तर कशाला? आणि मुख्य म्हणजे त्यातले कोणीही मला एकही प्रश्न विचारत नाही.

पण मला सांगायचे आहे ते अण्णांच्या डोळ्यांबद्दल. अण्णांनी छत्तीस वर्षे इथल्या प्रेसमध्ये नोकरी केली. नाशिक रोडला नुसते ‘प्रेस’ म्हटले की नोटा छापणारी, हे वेगळे सांगावे लागत नाही. अण्णांचे काम दोष शोधण्याचे. छापून आलेला कागद दोन्ही हातांनी कोपऱ्यांत धरून ताणायचा, किंचित तिरपा करायचा, उजेडासमोर न्यायचा आणि आरपार पाहायचे. रेघ हलली आहे का, शाई फुटली आहे का, कागदाच्या आत जे असायला हवे ते जागच्या जागी आहे का! हे काम त्यांच्या हाडीमाशी इतके मुरले होते की माझे प्रगतिपुस्तकही त्यांनी आधी खिडकीकडे धरले आणि मग गुण पाहिले. आई म्हणायची, ‘तुझ्या बापानं मला बघायला आल्यावर उजेडात उभं केलं नाही, एवढंच नशीब.’

घरी मात्र याच डोळ्यांचे दुसरे एक काम होते. रोज सकाळी गॅलरीत, पूर्वेला पाठ करून, मांडीवर पसरलेला पेपर ते आईला वाचून दाखवत. आईचे शिक्षण दुसरीपर्यंतचे. ती अक्षर लावू शकते, पण तिच्या लेखी बातमी म्हणजे अण्णांच्या आवाजातून येणारी गोष्ट. ती भाजी निवडत ऐके, मध्येच एखाद्या मंत्र्याला फैलावर घेई, लांबच्या कुठल्या अपघाताने डोळ्यांना पदर लावी. टीव्ही तिला मानवला नाही. ती माणसे भांडतात, म्हणते. पन्नास वर्षांच्या संसारात या दोघांनी एकमेकांजवळ प्रेमाचा एक शब्द उच्चारलेला मी ऐकला नाही. पण रोजचा तो तासभर कोणी कधी चुकवलाही नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर दोन गोष्टी एकदम घडल्या. अण्णांची नजर अधू झाली, आणि समोर सात मजली इमारत उभी राहून आमच्या गॅलरीतले सकाळचे ऊन गेले. अण्णा पेपर घेऊन हॉलमधल्या खुर्चीत आले. आधी मथळे तेवढे वाचू लागले, मग तेही अडखळत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते की पडदा थोडा थकला आहे, पण उजेड चांगला असेल तर वाचता येईल. तरी मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्यांनी पेपराची घडी घातली, ती दोनदा हाताने दाबली आणि मला म्हणाले, ‘वसू, पेपर बंद कर उद्यापासून. उगाच कशाला?’ आई स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकले, हे तिच्या हातातल्या लाटण्याचा आवाज थांबला त्यावरून मला कळले. मी हो म्हटले आणि पेपरवाल्याला सांगायचे मुद्दाम टाळले. पेपर दारात पडत राहिला, आणि मी कॉलेजातून येईपर्यंत नाहीसा होत राहिला. आई फडताळात पसरत असेल, रद्दीत टाकत असेल, असे मी धरून चालले.

मी वाचून दाखवायचा प्रयत्न केला नाही असे नाही. दोन दिवस आईने ऐकून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘राहू दे बाई. तू वाचतेस. ते सांगायचे.’ त्यानंतर घरात सकाळी पसरलेली शांतता मी तुम्हाला कशी सांगू? अण्णा खुर्चीत, आई ओट्यापाशी, आणि मधे तो रिकामा तास. माणूस म्हातारा होतो तो वयाने नव्हे, त्याच्यावाचून कोणाचे अडेनासे झाले की होतो, असे मला त्या दिवसांत वाटे. अण्णांचे झपाट्याने तसे होत होते, आणि मी जीव तोडून दिवे मागवत होते.

पहिला आला तो बारीक मानेचा, पांढराशुभ्र उजेड देणारा. अण्णा त्याच्यासमोर दोन मिनिटे बसले आणि म्हणाले, अक्षरे एकमेकांत घुसतात. मग मी त्याहून प्रखर दिवा मागवला, भिंग जोडलेला. तेव्हा म्हणाले, आता तर जास्तच घुसतात. मी पुन्हा डॉक्टरांकडे नेले. तक्त्यावरची अक्षरे अण्णांनी धडाधड सांगितली. डॉक्टर बुचकळ्यात, मी हवालदिल. मोबाइलवर मी अनोळखी माणसांचे अभिप्राय वाचत बसे. कोणा एकाच्या आजोबांना अमुक दिव्याने अगदी पुन्हा वाचता येऊ लागले होते; त्या आजोबांचा मला हेवा वाटला. शेवटी चैत्रात तिसरा दिवा आला, उंच दांड्याचा, देखणा, उजेडाच्या तीन छटांचा. त्याची पिन मात्र परदेशी, चपटी; आपल्या सॉकेटमध्ये बसेना. आणि एवढ्याशा कारणासाठी, बऱ्याच वर्षांनी, मी भाजीबाजारामागच्या गल्लीत शिरले.

मंदाताईंनी मला ओळखले, याचीच मला लाज वाटली. ‘ताई, लय दिवसांनी! वाट चुकला जनू.’ मी चपट्या पिनेचा जोड मागितला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि प्रश्न सुरू झाले. दिवा कसला? कोणासाठी? ते बसतात कुठे? उजेड कोणत्या हाताने येतो? मला काही म्हणता काही धड सांगता येईना. घरातला उजेड कोणत्या बाजूने येतो हे मी कधी पाहिलेच नव्हते! मी वैतागून म्हटले, ‘मंदाताई, तीन दिवे झाले. दिव्यात काही नाही, त्यांचे डोळेच गेले आता.’ त्या म्हणाल्या, ‘डोळे गेल्यालं डॉक्टर सांगंल, तुमी नका सांगू. दिवा घिऊन या. आन ज्यांच्यासाठी हाये त्यास्नीबी आना. आमी जुना पीस बघितल्याबिगर माल देत नाय, म्हाईत हाये ना?’

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षातून आम्ही निघालो. अण्णा, मी आणि मांडीवर तो दांड्याचा दिवा. अण्णा यायला तयार नव्हते. ‘जुना पीस बघायचा आहे म्हणाल्या’ असे सांगितले तेव्हा कित्येक दिवसांनी हसले आणि चपला शोधू लागले. दुकानात मंदाताईंनी त्यांना स्टुलावर बसवले, दिव्याची पिन कशीबशी पाटीवरच्या जोडात अडकवली आणि दिवा त्यांच्यासमोर काउंटरवर ठेवला, अगदी आमच्या घरी ठेवतो तसा. खट्! भर दुपारी तो उजेड पुन्हा एकदा आला. बल्ब गुंडाळायला ठेवलेल्या रद्दीतला एक पेपर त्यांनी अण्णांच्या हातात दिला. ‘वाचा, अन्ना.’

अण्णांनी पेपर घेतला. दोन्ही हातांनी कोपऱ्यांत धरला, ताणला, किंचित तिरपा केला आणि उचलून दिव्यासमोर नेला. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. जागाच तेवढी होती, म्हणून उभी होते. आणि मी पहिल्यांदा ते पाहिले जे अण्णा पाहत होते. प्रखर उजेड कागदातून आरपार येत होता, आणि मागच्या पानावरची उलटी अक्षरे पुढच्या अक्षरांवर चढली होती. मथळ्यात जाहिरात, जाहिरातीत एका पुढाऱ्याचा चेहरा, ओळीत ओळ, शब्दात शब्द. त्या गर्दीतून माझ्या धडधाकट डोळ्यांनाही एक वाक्य सोडवता येईना. चार महिने अण्णा या जंगलात एकटे उभे होते आणि मी तिथे एकामागून एक प्रखर दिवे नेऊन ठेवत होते!

मंदाताई काउंटरच्या पलीकडून हे सगळे न्याहाळत होत्या. ‘अन्ना, कागद आसा उचलून का धरता?’ अण्णा गोंधळले. ‘नीट दिसत नाही म्हणून.’ ‘मंग खाली ठिवा ना.’ त्यांनी काउंटरची फळी उचलली, बाहेर आल्या, दिवा घेतला आणि वायर पुरेल तितका मागे नेऊन अण्णांच्या डाव्या खांद्यामागे, वायरच्या भेंडोळ्यांच्या ढिगावर टेकवला. पेपर अण्णांच्या मांडीवर पसरला. ‘आता सांगा.’

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, लिंबेवाला ओरडत गेला. अण्णांचे बोट कागदावर टेकले, सरकले, आणि ते वाचू लागले. काय वाचले म्हणाल तर बोअरवेलच्या मोटारींची जाहिरात! पण एकही शब्द न अडखळता, पूर्णविरामाला थांबत, तळाशी दिलेल्या अटींपर्यंत. वाचून झाल्यावर त्यांनी कागदावरून हात फिरवला. ‘सगळा जन्म कागदाच्या आत बघण्यात गेला,’ ते म्हणाले. ‘कागदावर बघायचं असतं, हे विसरलोच. आणि दोष शोधायची नोकरी केलेला मी, दोष माझ्याच डोळ्यांत आहे असं धरून बसलो.’ मला रडू येत होते आणि हसूही. मंदाताईंना त्याचे काही नवल वाटलेले दिसले नाही. दांड्याची बैठक बघत त्या वायर कुठून नेता येईल याचा विचार करत होत्या.

आता त्या मला एखादा चौथा दिवा विकतील, असे तुम्हाला वाटले असेल. मलाही वाटले, आणि मी तो डोळे मिटून घेतलाही असता. पण त्या म्हणाल्या, ‘दिव्याला काय झालंय? भारी हाये की. एवढा भारी आमी ठिवतबी नाय.’ फक्त वायर आखूड होती. खुर्चीच्या मागे ठेवायचा तर पुरणार नव्हती. काउंटरच्या कडेला मीटरभर अंतरावर दोन पितळी खिळे ठोकलेले आहेत. त्या खिळ्यांवर त्यांनी तीन वेळा नवी वायर मोजून घेतली, चपटी पिन कापून टाकली, वायरीला वायर जोडली आणि टोकाला आपली तीन बोटांची पिन बसवली. मी बाहेरून माल मागवते याची मी चाचरत कबुली दिली, तर खो खो हसल्या. ‘आवो, मीबी मागवते मोबाइलवर. त्ये रंग बदलनारे बल्ब समदे तिकडूनच आल्यात. पन ताई, खोक्याला काय म्हाईत घरात कोन बसतंय?’ मग दिवा पुन्हा पाटीवर लावला आणि पेटवून दाखवला. दुसऱ्या कोणाकडून घेतलेला दिवा, पण त्यांच्या दुकानातून बाहेर पडायचा तर पेटवूनच!

परतताना तो दिवा माझ्या मांडीवर होता आणि मी मनाशी नवल करत होते. हजार कोसांवरून जिन्नस हाती येण्याचे नवल मोठे की समोर बसलेल्या माणसाच्या हातांकडे पाहण्याचे? मला निवाडा करता येत नाही. त्या देखण्या दिव्यावाचून अण्णांना वाचता आले नसते, आणि तो गल्लीत कुठेच मिळाला नसता. पण ज्या प्रश्नांना मी इतकी वर्षे जाच समजत होते, ते प्रश्न म्हणजे पाहण्याची एक रीत होती, हे मला स्टुलामागे उभी राहिल्यावर उमगले. मी मुलगी, त्यांच्याच घरात राहते. तरी चार महिन्यांत एकदाही त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले नाही, ही माझी चूक कोणत्या पार्सलने परत पाठवू?

घरी येऊन मी दिवा खुर्चीच्या डाव्या अंगाला, मागे लावला. उन्हाळा कडक तापला होता, पंखा भरात फिरत होता. आईने दाराशी उभे राहून दुकानातली सगळी हकिकत ऐकली आणि आत गेली. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर पेपरांचा गठ्ठा होता, जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेला. मार्गशीर्षापासूनचा एकेक पेपर, नीट घडी घातलेला, तारखेने लावलेला. ‘हे कधी ठेवलेस गं?’ ‘रोज,’ आई म्हणाली. तिने गाठ सोडली आणि सगळ्यात जुना पेपर अण्णांच्या मांडीवर ठेवला. ‘इथून राहिलंय.’

अण्णांनी तारीख पाहिली. ‘अगं, शिळ्या बातम्या या. थंडीतल्या आहेत.’

‘मला कुठं कोणी सांगितल्यात?’ आई म्हणाली. ‘मला ताज्याच.’

दुकानात दिवा पेटवून दाखवतात, कारण न पेटलेल्या दिव्यावर विश्वास कोण ठेवणार? आईने चार महिने ठेवला होता. मी बटण दाबले. अण्णांनी घसा साफ केला, पेपर मांडीवरच राहू दिला आणि वाचायला सुरुवात केली. निफाडला थंडीचा कडाका वाढला होता. द्राक्षाचे घड वाचवायला पहाटे बागाबागांतून शेकोट्या पेटल्या होत्या. अण्णांचा आवाज आधी जरा खरखरीत होता, मग हळूहळू लागला. मी दिव्याच्या मानेवर हात ठेवून पाहिला. तो कोमट झाला होता. आईने भाजीचे ताट पुढ्यात ओढले, शेकोट्यांचे ऐकून चुकचुकली आणि दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घेतला. मी उठून पंखा एक नंबरने कमी केला.